बोलीची साक्ष

'गाय' हा शब्द अशुद्ध आहे. पतंजलींचा नियम लावला तर तसंच म्हणावं लागतं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या महाभाष्यात त्यांनी सांगून ठेवलं की शुद्ध शब्द एक असतो आणि त्याची बिघडलेली रूपं, म्हणजे अपभ्रंश, अनेक. उदाहरण म्हणून 'गौः' या एका शब्दासमोर त्यांनी लोकांच्या तोंडची चार रूपं ठेवली: गावी, गोणी, गोता, गोपोतलिका. मराठी माणसाची गाय तेव्हा जन्माला आली नव्हती, नाहीतर तीही याच यादीत गेली असती. आणि एकटी गायच का, या नियमानं अवघी मराठी अपभ्रंशात जमा होते.

प्रश्न असा की गुराखी 'गावी' म्हणाला आणि ऐकणाऱ्यानं नेमकी गायच सोडून आणली, तर अर्थ पोचला कुठून? शब्द चुकीचा आणि समज बरोबर, हे कसं? व्याकरण सांगणारे वैयाकरण, वेदवाक्यांचा अर्थ लावणारे मीमांसक आणि तर्कशास्त्री नैयायिक या प्रश्नावर शतकानुशतकं भांडले. आज तोच वाद वेगळ्या आखाड्यात उभा आहे. माणसाचं बोलणं ऐकून त्याची बोली कोणती हे ठरवणारी, आणि बोलीतलं वाक्य लिहून काढणारी यंत्रं तयार होत आहेत. ती बनवणाऱ्यांना नकळत जुन्या पंडितांच्या दोन बाजूंपैकी एक निवडावी लागते. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचं म्हणणं यंत्रापर्यंत पोचणार की नाही, हे त्या निवडीवर ठरतं.

नैयायिकांची बाजू आधी पाहू. शब्दात अर्थ देण्याची जी ताकद असते तिला ते 'शक्ती' म्हणतात. ही शक्ती ईश्वराच्या इच्छेतून येते. अमुक शब्दातून अमुक अर्थ कळावा असा त्याचा संकेत असतो. हा संकेत संस्कृत शब्दांनाच लागू आहे, असं बहुतेक नैयायिकांनी मानलं. त्यांचं कारण व्यवहारी होतं. संस्कृत सगळ्या देशांत एकच, अपभ्रंश मात्र प्रांताप्रांताला वेगळा. प्रत्येक रूपात स्वतंत्र शक्ती मानायची तर पसारा वाढतो. मग गुराख्याचं कसं चालतं? नैयायिक म्हणतो, अपभ्रंश ऐकून जाणत्याला मूळ शुद्ध शब्द आठवतो आणि अर्थ त्या आठवलेल्या शब्दातून मिळतो. ज्याला शुद्ध शब्द ठाऊकच नाही त्याला चुकीच्या शब्दातच शक्ती असल्याचा भ्रम होतो, आणि त्या भ्रमावर त्याचा व्यवहार निभावतो.

म्हणजे जगातले बहुतेक लोक आयुष्यभर भ्रमानं बोलतात, असा त्याचा अर्थ झाला.

पाचव्या शतकाच्या आसपास भर्तृहरींनी वाक्यपदीयात या वादाला मोठं सुंदर वळण दिलं. बोलायला शिकणारं मूल आईला अडखळत, अस्पष्ट हाक मारतं आणि जाणती माणसं त्या बोबड्या आवाजावरून स्पष्ट शब्द ओळखतात. अपभ्रंशाचंही तसंच, असं ते आधी मांडतात. इथवर ते नैयायिकांच्या बाजूचे वाटतात. पण पुढे ते सांगतात की ज्या लोकांत पिढ्यान्‌पिढ्या अपभ्रंशच रुळला आहे, त्यांना शुद्ध शब्दातून अर्थ कळतच नाही. त्या घरात, त्या गावात, अर्थाचा खरा वाहक बोलीतलाच शब्द असतो.

हा धागा शेवटपर्यंत नेला तो नागेशभट्टांनी. काळे आडनावाचा हा मराठी माणूस सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्याच्या पूर्वार्धात काशीला राहून व्याकरण शिकवत होता. आयुष्य पाणिनीच्या सेवेत घालवलेल्या या पंडितानं निःसंदिग्ध निवाडा दिला की अपभ्रंशातही शक्ती असते. त्याचा आधार रोजच्या अनुभवाचा होता. ज्यांनी संस्कृत कधी ऐकलेलं नाही ती माणसंही बोलीतून विनासायास अर्थ समजतात. त्यांना कुठला शब्द आठवत नाही आणि कसला भ्रमही झालेला नसतो. काशीतल्या या वैयाकरणानं भाषेचा हक्क भाषा बोलणाऱ्याकडे परत दिला, आणि संस्कृत विद्येच्या ऐन गाभ्यात बसून दिला. महाराष्ट्रात ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे, याचं वाईट वाटतं.

आता यंत्राकडे वळू. संगणक आवाज ऐकतो तेव्हा त्याचे बारीक तुकडे करतो. साधारण २५ मिलिसेकंदांचा एक तुकडा, आणि दर १० मिलिसेकंदांनी नवा. प्रत्येक तुकड्यात कोणत्या कंपनसंख्येला किती जोर आहे हे मोजलं की आवाजाचा एक नकाशा तयार होतो. मराठीतला 'ळ' उच्चारताना जिभेचं टोक मागे वळतं, आणि अशा मूर्धन्य उच्चारात नकाशातला तिसरा ठळक पट्टा खाली झुकतो. वऱ्हाडात हा 'ळ' पुष्कळदा 'य' होतो: डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. उत्तर कोकणातल्या आगरी-कोळी बोलण्यात तोच 'ल' होतो आणि डोळ्याचा डोला होतो. कानाला जे सहज कळतं ते नकाशावरही दिसतं. बोली ओळखणारी प्रणाली अशा हजारो खुणा एकदम तोलते. त्यात स्वरांची लांबी, वाक्याचा चढउतार आणि कोणता ध्वनी कोणत्या ध्वनीमागून येतो हे सगळं धरलेलं असतं.

इथवर कुणाचं भांडण नाही. भांडण सुरू होतं ते ऐकलेलं लिहून काढताना. 'डोया दुखते' हे वाक्य यंत्रानं ऐकलं. त्याच्याजवळ एक शब्दसाठा आणि शक्यतांचं एक गणित असतं, आणि ते गणित प्रमाण मराठीच्या छापील मजकुरावर शिकलेलं असतं. त्या मजकुरात डोळा हजारो वेळा येतो, डोया जवळजवळ नाहीच. गणित डोळ्याकडे झुकतं. अशुद्ध ऐकायचं, शुद्ध आठवायचं आणि अर्थ शुद्धातून काढायचा, ही हुबेहूब नैयायिकांची रीत झाली. कारणही तेच आहे. एक प्रमाण रूप धरलं की पसारा कमी होतो, खर्च वाचतो.

डोळ्यापुरतं हे खपून जातं. पण वऱ्हाडातला माणूस 'मी जाऊन राह्यलो' म्हणतो तेव्हा तो निघाला आहे, वाटेत आहे. पुण्याच्या कानाला मात्र तो कुठेतरी जाऊन मुक्काम करून आला असं वाटेल. इथे 'राह्यलो'चं 'राहिलो' करणारं यंत्र शब्द सुधारतं आणि अर्थ घालवतं. बोलीला स्वतःचं व्याकरण असतं. ती प्रमाणभाषेची फिकट प्रत नसते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले भाषाशास्त्रज्ञ अ. मा. घाटगे यांनी साठ-सत्तरच्या दशकांत कुडाळी, महाडची कुणबी, ठाण्याची वारली, दक्षिण कॅनराची कोकणी यांची एकेक स्वतंत्र वर्णनं लिहून हेच दाखवून दिलं होतं.

आणि घालवलेल्या अर्थाची किंमत मोजता येते. २०२० साली अमेरिकेत पाच बड्या कंपन्यांच्या वाक्‌-ओळख प्रणाली तपासल्या गेल्या. गोऱ्या वक्त्यांच्या बोलण्यात त्यांच्या शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका झाल्या, कृष्णवर्णीय वक्त्यांच्या बोलण्यात ३५. इंग्रजी दोघांचीही मातृभाषा होती. फरक होता तो यंत्रानं कोणाचं बोलणं किती ऐकलं होतं याचा.

या वादाला धर्माची बाजू सुरुवातीपासून आहे, कारण प्रश्न नुसता गाईचा नव्हता. धर्माचं वचन कोणत्या भाषेत ग्राह्य धरायचं, हा होता. सातव्या शतकातल्या मीमांसक कुमारिलभट्टांनी बौद्ध आणि जैन ग्रंथ नाकारताना जी कारणं दिली त्यांत हेही एक होतं की ते अशुद्ध शब्दांत रचलेले आहेत, मग त्यांना शास्त्र कसं म्हणावं? उलट बौद्धांच्या विनयपिटकातल्या कथेत ब्राह्मण कुळातले दोन भिक्षू बुद्धांकडे जातात. नाना कुळांतले लोक तुमचं वचन आपापल्या बोलीत बिघडवतात, ते वेदांसारखं छंदात बांधू द्या, अशी त्यांची विनंती असते. बुद्ध त्यांना फटकारतात आणि वचन स्वतःच्या बोलीत शिकावं अशी मुभा देतात. 'स्वतःची' म्हणजे शिकणाऱ्याची की बुद्धांची, यावर पुढच्या आचार्यांत मतभेद झाले. छंदात बांधायला दिलेला नकार मात्र स्पष्ट आहे. महाराष्ट्रात महानुभाव पंथाच्या 'स्मृतिस्थळ' या ग्रंथात अशीच आठवण नोंदलेली आहे. केशिराजबास संस्कृतात लिहू पाहतात तेव्हा नागदेवाचार्य त्यांना थांबवतात, कारण संस्कृतामुळे पंथातल्या म्हाताऱ्या बाया वंचित होतील. तत्त्वज्ञान कोणासाठी आहे याचं इतकं नेमकं उत्तर क्वचितच कुणी दिलं असेल.

कर्मठ समजल्या जाणाऱ्या मीमांसेतही एक झरोका उघडा होता. वेदात पिक, नेम, तामरस, सत असे काही शब्द येतात जे आर्यांच्या वापरात नव्हते, म्लेंच्छांच्या होते. त्यांचा अर्थ व्युत्पत्ती ताणून काढायचा की म्लेंच्छ जो अर्थ सांगतात तो घ्यायचा? शबरस्वामींचं उत्तर असं की म्लेंच्छांचा अर्थ घ्यावा. पक्षी पाळण्या-पकडण्यात तेच अधिक जाणकार आहेत. वेदाचा अर्थ लावायला पारध्याची साक्ष चालते. बोलीचा नमुना गोळा करणाऱ्या प्रत्येकानं हे उत्तर भिंतीवर लिहून ठेवावं अशा तोलाचं आहे.

आजची यंत्रं हा जाणकार कुठून आणतात? २०२३ साली मेटा कंपनीनं अकराशेहून अधिक भाषांचं बोलणं लिहून काढणारी प्रणाली जाहीर केली. इतक्या भाषांचं ध्वनिमुद्रण मिळालं ते मुख्यतः बायबलच्या नव्या कराराच्या वाचनांतून, भाषेमागे सरासरी ३२ तास. जगात इतक्या भाषांत छापलेला आणि मोठ्यानं वाचून ठेवलेला दुसरा ग्रंथ नाही. मिशनऱ्यांच्या या श्रमांचं मोल मोठं आहे, ते मान्य करायलाच हवं. भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सननंही भारताच्या भाषिक सर्वेक्षणात हीच वाट धरली होती. १९०५ साली निघालेल्या मराठीच्या सातव्या खंडात बोलीबोलीतून बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट भेटते. पण धर्मग्रंथ वाचणारा आवाज ठाय असतो, बहुधा पुरुषाचा असतो आणि समोर ठेवलेलं वाक्य उच्चारत असतो. बांधावर उभं राहून कापसावरच्या अळीची तक्रार करणारी बाई त्यात सापडत नाही. तिच्यासाठी वेगळे कष्ट लागतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या 'रेस्पिन' प्रकल्पानं मराठीसह नऊ भाषांत, त्यांच्या बोलींसकट, शेती आणि पैशाच्या व्यवहारातलं बोलणं गोळा केलं ते यासाठीच.

बोली ओळखण्याला दुसरी, काळी बाजूही आहे, आणि तीही धर्मग्रंथात लिहून ठेवलेली आहे. बायबलच्या जुन्या करारात, शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात, गिलादी लोक हरलेल्या एफ्राईमी शत्रूंना पकडायला यार्देन नदीचे उतार अडवून बसतात. पळून जाणारा प्रत्येक माणूस आपण एफ्राईमी नाही असं सांगतो. त्याला 'शिब्बोलेथ' म्हणायला लावतात. एफ्राईमींना 'श' जमत नाही. 'सिब्बोलेथ' तोंडातून आलं की तिथंच गळा चिरला जातो. मेलेल्यांचा आकडा दिला आहे ४२,०००. १९३७ साली डॉमिनिकन प्रजासत्ताकात हजारो हैतीयन लोकांची कत्तल झाली, तेव्हाही कोथिंबिरीसारख्या एका पाल्याचं स्पॅनिश नाव उच्चारायला लावून माणसं वेगळी काढली असं सांगतात.

'स' आणि 'श' यांतला फरक यंत्राला लीलया मोजता येतो. 'श'चा जोर खालच्या कंपनसंख्यांवर असतो, 'स'चा बराच वर. नदीच्या उतारावरचा तो पहारेकरी आता कार्यालयात बसवता येतो. जर्मनीच्या स्थलांतर आणि निर्वासित विभागानं २०१७ पासून असं सॉफ्टवेअर वापरायला घेतलं. कागदपत्रं नसलेला आश्रयार्थी फोनवर सुमारे दोन मिनिटं आपल्या भाषेत बोलतो, एखाद्या चित्राचं वर्णन करतो, आणि यंत्र टक्केवारी देतं: अमुक टक्के लेव्हंटी अरबी, तमुक टक्के इजिप्ती. अधिकारी तिचा आधार घेऊन मुलाखतीत पुढचे प्रश्न विचारतो. अशा टक्केवारीत चुका होतात, हे विभागानंही नाकारलेलं नाही. अंतिम निर्णय माणूसच घेतो हे खरं. पण कागदावर छापलेल्या आकड्याचं वजन घाबरलेल्या माणसाच्या शब्दाहून जास्त पडतं, हे कोणत्याही कचेरीत बसलेल्याला ठाऊक आहे.

इथे भारतीय तत्त्वज्ञानातला एक भेद मदतीला येतो. नैयायिकांनी ज्ञानाची जी साधनं मानली त्यांत अनुमान आणि शब्द ही दोन वेगळी आहेत. डोंगरावर धूर दिसला म्हणून आगीचं ज्ञान झालं, हे अनुमान. विश्वासू माणसानं सांगितलं म्हणून ज्ञान झालं, ते शब्दप्रमाण. धुराला काही म्हणायचं नसतं, माणसाला असतं. आश्रयार्थी त्या दोन मिनिटांत काय सांगतो याच्याशी यंत्राला कर्तव्य नाही. त्याचं बोलणं त्याच्याविरुद्धचा किंवा त्याच्या बाजूचा धूर झालेलं असतं. आणि मागे वळून पाहिलं तर अपभ्रंशाबद्दल नैयायिकांनी हेच केलं होतं. बोलीतला शब्द स्वतः अर्थ सांगत नाही, तो शुद्ध शब्दाकडे नेणारी खूण आहे, असं ठरवून त्यांनी बोलणाऱ्याची साक्ष धुराच्या पातळीवर आणून ठेवली. डोयाचं डोळा करणारं यंत्र आणि सीमेवर टक्केवारी काढणारं यंत्र वरवर वेगळी कामं करतात. पण दोघांनाही बोलीत शक्ती दिसत नाही. नागेशभट्टांचा निवाडा म्हणूनच आज मोलाचा आहे.

शिवाय हे अनुमान नैयायिकांच्याच कसोटीवर टिकत नाही. जिथे धूर तिथे आग, ही अटळ सोबत हवी. जिथे अमुक बोली तिथे अमुक देश, अशी सोबत नसते. तंजावरात साडेतीनशे वर्षं मराठी बोलणारी घराणी आहेत. बोली महाराष्ट्राकडे बोट दाखवते, घर कावेरीकाठी आहे. महाराष्ट्रातून गेलेल्या बेने इस्रायली ज्यू म्हाताऱ्या इस्रायलमध्ये मराठीत बोलतात. साताऱ्याचा शिक्षक वीस वर्षं अमरावतीला नोकरी करतो आणि त्याच्या बोलण्यात दोन्ही मुलूख येतात. निर्वासिताचं तर आयुष्यच छावण्या आणि परक्या शहरांत गेलेलं असतं, आणि दुभाष्याला कळावं म्हणून तो आपली बोली बदलूनही बोलतो. २००४ साली भाषाशास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटानं अशा तपासणीसाठी मार्गदर्शक तत्त्वं तयार केली, त्यात हे स्वच्छ सांगितलं आहे: भाषेवरून माणूस कोणत्या समाजात वाढला याचा अंदाज करता येतो, नागरिकत्व त्यावरून ठरत नाही.

म्हणून बोली ओळखूच नये, असं म्हणणं चूक ठरेल. शेतकऱ्याच्या मदत क्रमांकावर फोन आला आणि यंत्रानं पहिल्या वाक्यात अहिराणी ओळखून अहिराणी समजणारी प्रणाली जोडून दिली, तर तिथे अनुमान साक्षीच्या सेवेला लागलं. खूण वाचली ती म्हणणं ऐकण्यासाठी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर बोलींचं जे सर्वेक्षण केलं त्यातही माणसं आपापल्या गोष्टी आपल्या आवाजात सांगतात. हा साठा म्हणजे महाराष्ट्रासाठी मोठी ठेव आहे.

मराठीसाठी वाक्‌-ओळख प्रणाली बनवणाऱ्या संस्थांनी आणि कंपन्यांनी म्हणूनच काही गोष्टी आताच ठरवून घ्याव्यात. बोललेलं जसंच्या तसं आधी लिहावं; प्रमाण रूप हवं तर शेजारी वेगळं द्यावं, पहिल्याच्या जागी घालू नये. अर्थाबद्दल शंका आली तर शब्दकोशाऐवजी ती बोली बोलणाऱ्यालाच विचारावं. आपल्या बोलीला तो काय नाव देतो तेच नाव नोंदवावं. ज्या कामासाठी आवाज मागितला त्याच कामासाठी तो वापरावा, आणि रेशन, नोकरी, पोलीस ठाणं किंवा सीमा अशा कोणत्याही दारावर माणूस अडवण्यासाठी त्याचा उपयोग होणार नाही, असं लेखी द्यावं. हे लेखी मिळाल्याशिवाय कुणीही आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा आवाज कुणाच्या हवाली करू नये.